प्रलंबित कामे : निरंक

गोपाळकृष्ण आगाशे यांच्या सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी वॉशिंग मशीनमध्ये गेली आणि तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. चिठ्ठीवर सात कामे लिहिलेली होती. मशीनमधून जो पांढरा लगदा बाहेर आला तो आगाश्यांच्या सदऱ्याला, कुसुमताईंच्या दोन साड्यांना आणि एका चादरीला समान न्यायाने चिकटला होता. सातांपैकी पाच कामे आगाश्यांना आठवली. उरलेल्या दोनांतले एक कुसुमताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याचे होते, आणि ते आठवले तेव्हा ठरलेली वेळ उलटून चार दिवस झाले होते.

डॉक्टरांनी नंतर वेळ दिली, पण जे सांगितले ते काही हलके नव्हते. कुसुमताईंचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्यातला मोतीबिंदू पिकून गेला होता. महिन्याभरात शस्त्रक्रिया करून घ्या, रेंगाळलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, असे ते कुसुमताईंना म्हणाले. म्हणताना बघत होते मात्र आगाश्यांकडे, आणि हे आगाश्यांना आवडले नाही.

तोवर कुसुमताईंनी घरात आपली एक पद्धत बसवली होती. चहा त्या कप भरत आल्याच्या आवाजावरून ओतत. मूग आणि मटकी बोटांनी चाचपून ओळखत. रोजचे शब्दकोडे तेवढे हाताने सुटत नसे, म्हणून आगाशे सूचना वाचून दाखवत आणि त्या उत्तर सांगत. उत्तर आपल्याला आधीच माहीत होते असा चेहरा करून आगाशे ते चौकटीत भरत. तो चेहरा कुसुमताईंना दिसत नव्हता, हा मोतीबिंदूचा एकमेव फायदा.

चिठ्ठीचे प्रकरण कानावर गेल्यावर सून कादंबरी रविवारी बाणेरहून आली आणि तिने सासऱ्यांच्या मोबाइलवर कामांच्या यादीचे एक ॲप घालून दिले. काम लिहायचे. झाले की शेजारच्या गोलावर बोट ठेवायचे. गोलात हिरवी खूण उमटते, बारीक घंटा वाजते आणि काम यादीतून जाते. शिवाय घरातली सगळी माणसे एका यादीत जोडता येतात आणि काम दुसऱ्याकडे सोपवताही येते. "बाबा, म्हणजे सगळा लोड तुमच्यावर नको," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हते, हे इथे नोंदवून ठेवले पाहिजे. तिने आपला नवरा पुष्कर, कुसुमताईंचे धाकटे भाऊ श्रीनिवास, समोरच्या फ्लॅटमधले अनंतराव आणि स्वतः कुसुमताई यांना यादीत जोडले, आपलेही नाव घातले, जेवली आणि गेली.

आगाश्यांनी ॲप दोन दिवस नुसते न्याहाळले. तिसऱ्या दिवशी 'सोपवा' हे बटण दाबून पाहिले, आणि त्यांना सेवानिवृत्तीनंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा बरे वाटले.

कारण असे, की आगाशे छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत होते आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. कचेरीचा एक नियम आहे, जो कुठल्याही नियमावलीत लिहिलेला नाही. आलेले प्रकरण शेरा मारून पुढच्या टेबलाकडे पाठवले, की या टेबलापुरते ते निकाली. पुढच्या टेबलाने त्याचे काय केले हे विचारणे म्हणजे आगाऊपणा. महिनाअखेरीला प्रत्येक टेबलाचा गोषवारा वर जाई आणि त्यात प्रलंबित प्रकरणांचा रकाना असे. त्या रकान्यात आगाश्यांनी छत्तीस वर्षे न चुकता एकच शब्द लिहिला होता, निरंक. त्याबद्दल त्यांना निरोपाच्या दिवशी शाल मिळाली. आता हे ॲप बघा. 'सोपवा' दाबले की काम आपल्या यादीतून नाहीसे होते, दुसऱ्याच्या यादीत उगवते, आणि संध्याकाळी पडद्यावर अक्षरे येतात : वा, तुमची सर्व कामे आटोपली. हे बनवणारा माणूस कधीतरी आपल्यासारख्याच टेबलावर बसला असला पाहिजे, अशी आगाश्यांची खात्री पटली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा कामे निकाली काढली. त्यांत मिक्सरची दुरुस्ती होती. ती अनंतरावांकडे सोपवली, कारण त्यांच्या ओळखीचा दुकानदार बुधवार पेठेत होता. अनंतराव निवृत्त झाले ते दुसऱ्या खात्यातून, पण वळण तेच. त्यांनी ते काम सोसायटीचा वॉचमन मच्छिंद्र याच्या नावावर टाकले. मच्छिंद्रच्या फोनवर ॲप नव्हते आणि मिक्सरविषयी त्याला कुणी तोंडीही सांगितले नाही. कुसुमताईंनी विचारले तेव्हा मिक्सर दुरुस्तीला गेल्याचे आगाश्यांनी सांगून टाकले. चार दिवसांनी फडताळात खोबऱ्याचा डबा शोधताना त्यांच्या हाताला मिक्सर लागला.

"दुरुस्तीला गेलेला मिक्सर इथेच आहे हो," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आदेश निघालेला आहे," आगाशे म्हणाले.

कुसुमताईंनी खलबत्ता काढला. चटणी कुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि तो जरा जास्तच जोरात येतो आहे असे आगाश्यांना वाटले. पण त्यांनी तो विषय वाढवला नाही.

शस्त्रक्रियेचे काम आगाश्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतले होते. ते माझ्याकडे, तू कशातही डोकं घालू नकोस, असे त्यांनी बायकोला बजावले आणि यादीत तीन नोंदी केल्या. तपासण्यांचे रिपोर्ट आणणे. फिजिशियनचे पत्र घेणे. रुग्णालयाच्या खिडकीवर जाऊन अठरा तारखेच्या गुरुवारसाठी नाव नोंदवणे. रुग्णालय मंडईजवळचे, एका जुन्या ट्रस्टचे. डॉक्टर तिथे येऊन शस्त्रक्रिया करत, आणि खिडकीवर नाव असल्याशिवाय तिथे कुणाला आत घेत नसत.

रिपोर्ट अनंतरावांकडे सोपवले, कारण लॅब त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर होती. त्यांनी खरोखर ते आणले, आणि सोबत डोळ्यांत मध घालावा की गुलाबपाणी यावर पाऊण तासाचे विवेचन केले. पत्र पुष्करकडे सोपवले. त्याचा मित्र अनिरुद्ध डॉक्टर होता. त्याने शनिवारी घरी येऊन कुसुमताईंना तपासले आणि पत्र दिले. इथवर सगळे इतके सुरळीत झाले की आगाश्यांचा ॲपवरचा विश्वास दृढ झाला, आणि तिसरे काम त्यांनी मेव्हण्यांकडे, श्रीनिवासांकडे सोपवले. ते शुक्रवार पेठेत राहत आणि भाजीला रोज मंडईत जात.

या काळात योग्य सल्ला एकाच व्यक्तीने दिला. खालच्या मजल्यावरच्या आम्रपाली ओव्हाळ महापालिकेत नोकरीला होत्या. जिन्यात भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, नाव नोंदवायला तुम्ही स्वतः जाऊन या. आणि पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका." आगाश्यांना हे लागले. आपल्या निम्म्या वयाच्या बाईने आपल्याला पावतीचे महत्त्व सांगावे? ज्यांनी उभ्या हयातीत पोच घेतल्याशिवाय कुणाला टाचणी दिली नाही, त्यांना? त्यांनी खिशातून मोबाइल काढून रिकामी यादी दाखवली आणि आता हे सगळं यावर होतं, असे शांतपणे सांगितले. आम्रपालीबाईंनी यादीकडे पाहिले, छान आहे म्हणाल्या आणि ऑफिसला गेल्या.

बुधवारी कुसुमताईंनी डोक्यावरून अंघोळ केली, कारण नंतर पंधरा दिवस डोक्याला पाणी लावायचे नव्हते. आठवडाभर त्यांची तयारी चालली होती. गॅसपाशी जाता येणार नाही म्हणून त्यांनी भाजणी करून ठेवली, दाण्याचे कूट केले, दोन चटण्या कुटल्या. सगळे हाताच्या अंदाजाने. डब्यांवर ओळखीसाठी दोरे बांधले, भाजणीला एक, कुटाला दोन. रात्री उशाशी औषधांची पिशवी ठेवून झोपल्या आणि पहाटे पाचला नेसून तयार होऊन खुर्चीत बसल्या. आगाशे उठले तेव्हा त्या अंधारातच बसलेल्या होत्या. दिवा का लावला नाहीस असे त्यांनी विचारले, तेव्हा काय उपयोग, असे त्या साधेपणाने म्हणाल्या.

गुरुवारी संकष्टी होती. दगडूशेठच्या बाजूला रिक्षा नेणार नाही असे रिक्षावाल्याने आधीच सांगितले, आणि त्याने मंडईच्या मागच्या अंगाला सोडले. तिथून कुसुमताई नवऱ्याचा दंड धरून भाजीच्या हातगाड्यांमधून चालत गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी यादीवरून एकदा बोट फिरवले, मग दुसऱ्यांदा फिरवले, आणि आगाशे कुसुम असे नाव आजच्या यादीत नाही म्हणून सांगितले. आगाश्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर स्पष्ट होते : रुग्णालयात नाव नोंदवणे, काम पूर्ण. हिरव्या खुणेसकट.

"हे तुमच्या फोनमध्ये पूर्ण झालंय," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे व्हायचंय."

मागे रांग होती. आगाश्यांना बाजूला व्हावे लागले.

मग बाकावर बसून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली, आणि तासाभरात प्रकरणाचा सगळा प्रवास उघड झाला. श्रीनिवास पोस्टातून निवृत्त झालेले. खिडकी जिना चढून होती आणि त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ट्रस्टमध्ये ओळख असलेल्या अनंतरावांकडे त्यांनी काम सोपवले. अनंतरावांच्या ओळखीचे गृहस्थ वारले होते. म्हणून त्यांनी, हल्ली हे ऑनलाइन होते, असा शेरा मारून ते पुष्करकडे पाठवले. पुष्कर हिंजवडीत मीटिंगमध्ये होता, त्याने कादंबरीकडे टाकले. कादंबरीने मात्र फॉर्म उघडून अर्धा भरला. पुढे रुग्णाच्या फोनवर ओटीपी येणार होता, म्हणून तिने काम कुसुमताईंच्या नावावर टाकून खाली लिहिले, आई, नंबर आला की मला फोन करा.

कुसुमताईंच्या फोनवर घंटा वाजली तो गेल्या सोमवार सकाळचा सुमार. आगाशे वर्तमानपत्र वाचत होते. अहो, यात काय आलंय बघा, असे त्यांनी फोन पुढे करून विचारले होते. वर्तमानपत्र खाली न करता आगाशे म्हणाले होते, ॲपचं असेल, गोलावर बोट ठेव, जाईल. त्यांनी पडदा चाचपत, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा गोलावर बोट ठेवले. घंटा वाजली आणि ते गेले. त्याच क्षणी आगाश्यांसकट पाच जणांच्या फोनवर काम पूर्ण झाल्याचा निरोप पोचला, आणि बाकी चौघांना, त्यांनीच आता फोनवर सांगितल्याप्रमाणे, खूप बरे वाटले.

ज्या माणसाला दिसत नाही म्हणून हे काम निघाले, त्याच माणसाकडे ते वाचायला पाठवले गेले होते. छत्तीस वर्षांत एवढे चोख निकाली निघालेले प्रकरण आगाश्यांच्या पाहण्यात नव्हते.

कुसुमताई शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आगाश्यांना सोपे गेले असते.

"तुमच्या कचेरीत लोक यायचे ना खिडकीशी," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचात?"

"प्रकरण पुढे पाठवलंय म्हणून."

"मग ते घरी जायचे?"

"जायचे."

"आणि तयारी करून बसायचे असतील," कुसुमताई म्हणाल्या.

आगाश्यांना लाज वाटली, आणि ती कचेरीतल्या कुठल्यातरी एका माणसाविषयी नव्हती. त्या सगळ्या माणसांचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला तर एकही आठवेना, कारण खिडकीतून त्यांना नेहमी फक्त हात आणि कागद दिसायचे. ते उठले आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

खिडकीवरच्या बाईंनी दुसऱ्यांदा जरा जास्त सांगितले. डॉक्टर सोमवारपासून तीन आठवडे परगावी. शनिवार हा शेवटचा दिवस आणि शनिवारची यादी भरलेली. पण कुणाची साखर वाढते, कुणाला ताप येतो, आणि जागा रिकामी होते. सगळे कागद पूर्ण असलेला जो माणूस पहाटे सहाला दारात असेल त्याचे नाव प्रतीक्षेत लावतात. तीन आठवडे थांबून चालणार नाही हे आगाश्यांना डॉक्टरांनी आधीच सांगितलेले होते, आणि डॉक्टर तेव्हा आपल्याकडेच का बघत होते हेही आता त्यांना समजले.

शुक्रवारचा दिवस त्यांनी तीन खिडक्यांवर काढला. घरच्या सगळ्यांचे फोन आले. अनंतरावांनी सोबत येण्याची तयारी दाखवली, पुष्करने रजा टाकतो म्हटले. आगाश्यांनी सर्वांना तू राहू दे, तुम्ही राहू द्या, असे सांगितले. झेरॉक्स काढल्या, त्यांतली एक पुसट निघाली म्हणून पुन्हा काढली. फोटो द्यायचा होता तो पासपोर्ट आकाराचा नव्हता, म्हणून घरी येऊन कुसुमताईंना स्टुडिओत नेले. दुसऱ्या खिडकीवरच्या तरुणाने कागद घेतले, शिक्का मारला आणि तुमचं प्रकरण पुढच्या खिडकीला जाईल, तुम्ही या आता, असे म्हणून पुढच्या माणसाला बोलावले.

"मी इथेच उभा आहे," आगाशे म्हणाले. "ते तिथे पोचलेलं मला दिसलं की जातो."

तरुणाने मान वर करून पाहिले. काका, नोकरीत कुठे होतात, त्याने विचारले. आगाशे म्हणाले, तुमच्याच जागेवर. मग तो तरुण उठला, कागद स्वतः पुढच्या खिडकीवर ठेवून आला आणि पावती त्यांच्या हातात दिली. त्या पावतीची घडी आगाश्यांनी खिशात ठेवली नाही. हातातच धरून घरी आणली.

शनिवारी पहाटे ते सव्वापाचला दारात होते आणि त्यांच्या पुढे तीन माणसे होती. कुसुमताईंना त्यांनी साडेसातला आम्रपालीबाईंच्या स्कूटरवरून बोलावून घेतले. आम्रपालीबाईंनी त्यांना सोडले, पावतीकडे एकदा नजर टाकली आणि काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचे आगाश्यांना फार बरे वाटले. दहा वाजले, बारा वाजले. प्रतीक्षेतली दोन माणसे आत गेली, तिसरे कंटाळून घरी गेले. आगाशे दर पंधरा मिनिटांनी उठून खिडकीशी जात आणि बाई न विचारताच मान हलवत.

दुपारी दोनच्या सुमारास आतून एका आजोबांना परत पाठवले, त्यांचा रक्तदाब उतरत नव्हता. त्यांची मुलगी त्यांना धरून बाहेर आणत होती, आणि तेव्हाच कुसुम आगाशे असा पुकारा झाला. आगाश्यांना अतोनात आनंद झाला, आणि पाठोपाठ त्या आजोबांकडे बघण्याची चोरी झाली. तरी ते उठले, त्यांच्या मुलीपाशी गेले आणि प्रतीक्षेचे सगळे नियम, कागदांची यादी आणि पहाटे किती वाजता यावे हे तिला एका कागदावर लिहून दिले. मग आत जाऊन कुसुमताईंची चप्पल आणि बांगड्या ताब्यात घेतल्या. अर्धा तास बाहेर उभे राहिले. बसायला जागा होती, पण त्यांना बसवेना.

शस्त्रक्रिया नीट झाली. रविवारी सकाळी डॉक्टर पट्टी काढणार होते. शनिवारची संपूर्ण संध्याकाळ फोन वाजत होता, कारण यादीतले बाकी चौघेही काय झाले ते विचारत होते, आणि आगाशे प्रत्येकाला तोंडाने सांगत होते. ॲपमध्ये त्या दिवशी आगाश्यांच्या नावावर नऊ कामे उभी होती. मिक्सर त्यांनी परत आपल्याकडे घेतला होता. संध्याकाळचे वा वगैरे काही आले नाही.

रविवारी डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, थेंब घातले आणि बोटे दाखवून किती ते विचारले. कुसुमताईंनी तीन म्हटले. भिंतीवरच्या तक्त्यातली चौथी ओळ वाचली, पाचवी वाचली. डॉक्टर समाधानाने मागे वळून कागद लिहू लागले. आगाशे समोर पिशवी धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते तक्त्याकडे बघत होते.

कुसुमताईंनी मान त्यांच्याकडे वळवली आणि त्या बघत राहिल्या. कपाळ पाहिले, कानाजवळचे केस पाहिले, गालाखाली ओघळलेली कातडी पाहिली. वर्ष दीड वर्षाचे बघायचे राहून गेले होते, त्यामुळे त्यांना वेळ लागला.

"बरेच म्हातारे झालात हो," त्या शेवटी म्हणाल्या. "हे काम मात्र कुणाकडे सोपवलेलं दिसत नाही."